मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीतील चाल व श्रांती : मोजमापाचा इतिहास

१. विषयप्रवेश

एखाद्या व्याधीचा इतिहास लिहिताना तिचे पहिले वर्णन कोणी केले, तिला नाव कोणी दिले आणि तिच्यावरील पहिला उपाय कोणता, एवढ्या नोंदी करून आपण बहुधा थांबतो. परंतु याहून निराळा असाही एक प्रश्न आहे. रुग्ण जे भोगतो त्यापैकी कोणते भोग वैद्यकशास्त्राने पुरावा म्हणून स्वीकारले आणि कोणते केवळ तक्रार म्हणून बाजूला ठेवले ? हा निवाडा पुष्कळ वेळा मोजण्याच्या साधनावर अवलंबून राहिला आहे. जे साधनात मावले ते लक्षण ठरले. जे मावले नाही ते रुग्णाच्या मनाचे खेळ समजले गेले. प्रस्तुत लेखात मल्टिपल स्क्लेरोसिस या एकाच व्याधीच्या, आणि त्यातही चालणे या एकाच क्रियेच्या, आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या व्याधीत मेंदू, मेरुरज्जू व दृष्टितंतू यांतील मज्जातंतूंभोवतीचे मायेलिन हे वेष्टन जागोजागी नष्ट होते व तेथे कठीण चट्टे पडतात. चट्टे कोठे पडले यावर लक्षणे अवलंबून असतात. कोणाची दृष्टी मंदावते, कोणाचे हात कापतात, कोणाचा मूत्राशयावरील ताबा जातो. परंतु चालण्यात बिघाड हा फार मोठ्या संख्येच्या रुग्णांचा अनुभव आहे, आणि तो दोन प्रकारांनी प्रकट होतो. एक, चालीचे रूप बदलते : ढांग आखूड होते, गती मंदावते, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेले राहण्याचा काळ वाढतो, गुडघा ताठ राहतो, चवडा नीट उचलला न गेल्याने बोटे जमिनीला घासतात. दोन, चालता चालता चालण्याची शक्तीच ओसरते. घरातून निघताना ज्याची चाल जवळजवळ निर्दोष दिसते तो माणूस अर्ध्या मैलावर पाय ओढू लागतो. थोडा बसला की पुन्हा पूर्ववत् चालू शकतो. पहिला प्रकार डोळ्यांना दिसतो. दुसरा पाहण्यासाठी रुग्णाबरोबर बराच वेळ चालावे लागते. या दोहोंपैकी पहिल्याची शास्त्रीय नोंद एकोणिसाव्या शतकातच झाली, तर दुसऱ्याची पद्धतशीर मोजणी होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. हे अंतर का पडले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. रुग्णांच्या रोजनिशा

कालानुक्रमे पाहता या विषयाचे पहिले साक्षीदार वैद्य नसून रुग्णच आहेत. ऑगस्टस देस्ते (१७९४–१८४८) हा इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू. त्याचे वडील ड्यूक ऑफ ससेक्स यांचा लेडी ऑगस्टा मरे हिच्याशी झालेला विवाह राजघराण्याच्या विवाहविषयक कायद्याविरुद्ध असल्याने १७९४ सालीच रद्द ठरविण्यात आला. त्यामुळे राजवंशाच्या हक्कांना ऑगस्टस आयुष्यभर मुकला. डिसेंबर १८२२ मध्ये एका वडीलधाऱ्या आप्ताला भेटण्यासाठी तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेला, परंतु तो आप्त मरण पावलेला आढळला; त्याच्या अंत्यविधीनंतर लवकरच देस्तेची दृष्टी अंधुक झाली. आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. औषधाविना दृष्टी परतली. १८२७ साली फ्लॉरेन्स येथे त्याला एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या, आणि त्यापाठोपाठ पायांतील बळ इतके गेले की तो पुनःपुन्हा कोसळू लागला. काही आठवड्यांनी तेही बळ परतले. पुढील दोन दशकांत मात्र काठी, मग दोन काठ्या आणि शेवटी चाकांची खुर्ची अशा पायऱ्यांनी त्याची चाल ओसरत गेली.

या सर्व काळात त्याने आपल्या प्रकृतीची टिपणे ठेविली. ती १८४६ पर्यंत येतात. डग्लस फर्थ यांनी १९४८ साली ती संपादून प्रसिद्ध केली तेव्हा, शंभर वर्षांपूर्वीच्या या रुग्णाला मल्टिपल स्क्लेरोसिस होता, हा निष्कर्ष बहुतेक मज्जाविकारतज्ज्ञांनी मान्य केला. देस्तेच्या वैद्यांना या व्याधीचे नावही ठाऊक नव्हते, कारण ते तेव्हा दिलेच गेले नव्हते. म्हणून त्यांनी गोमांसाचा पौष्टिक आहार, मद्य, खनिज झऱ्यांचे स्नान, अंगमर्दन असे उपाय केले. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, देस्ते आपली अवस्था क्रियांच्या भाषेत सांगतो. काय करता येत होते, आता काय येत नाही आणि कशाच्या आधाराने येते, हे त्याचे मापन आहे. त्यात तपासणीच्या एका क्षणाचे नव्हे तर कालाचे परिमाण आहे. वैद्य जे एका भेटीत पाहू शकत नव्हते ते टिपणांच्या ओळी एकाखाली एक आल्याने आपोआप दिसू लागते.

दुसरी रोजनिशी ब्रूस फ्रेडरिक कमिंग्ज याची. तो लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात कीटकशास्त्रज्ञ होता व बार्बेलियन या टोपणनावाने लिही. डेव्हन परगण्यात रानोमाळ भटकून पशुपक्षी व कीटक न्याहाळण्यात ज्याचे बालपण गेले, त्याला नोव्हेंबर १९१५ मध्ये आपल्या आजाराचे नाव कळले तेही अपघाताने. सैन्यभरतीच्या तपासणीसाठी त्याच्या डॉक्टरांनी एक मोहोरबंद पत्र दिले होते. भरतीच्या वैद्याने ते न पाहताच त्याला अपात्र ठरविले. परत येताना त्याने स्वतःच ते फोडून वाचले. डॉक्टरांना व आप्तांना जे ठाऊक होते ते ज्याच्या देहाविषयी होते त्यालाच सांगितलेले नव्हते. त्याची रोजनिशी मार्च १९१९ मध्ये प्रसिद्ध झाली व त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो वारला. देस्तेला व्याधीचे नाव नव्हते. बार्बेलियनच्या काळी ते होते, परंतु रुग्णापासून राखून ठेवलेले होते. दोघांच्याही बाबतीत रुग्णाचे ज्ञान व वैद्याचे ज्ञान हे दोन प्रवाह निरनिराळे वाहत राहिले, हे लक्षात घेतले पाहिजे.

३. साल्पेत्रियेरमधील निदान

शवविच्छेदनात दिसणारे चट्टे रॉबर्ट कार्सवेल यांनी १८३८ साली चित्रित केले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये झाँ क्रुव्हेइये यांनीही ते वर्णिले. परंतु हे चट्टे आणि जिवंत रुग्णाची लक्षणे यांचा सांधा जुळवून एक स्वतंत्र व्याधी म्हणून तिची मांडणी करण्याचे श्रेय झाँ-मार्तँ शार्को यांस जाते. १८६२ पासून ते पॅरिसच्या साल्पेत्रियेर या स्त्रियांच्या विशाल आश्रय-रुग्णालयात काम करीत होते. १८६८ च्या व्याख्यानांत त्यांनी या व्याधीचे शारीर व लक्षणात्मक वर्णन एकत्र केले. मायेलिन नष्ट झाले तरी आतील तंतू पुष्कळदा शाबूत राहतो, हे त्यांचे सूक्ष्मदर्शकीय निरीक्षण पुढे फार फलदायी ठरले. त्याच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

कंपवातापासून ही व्याधी वेगळी काढणे हे शार्को यांच्यापुढील निकडीचे काम होते. कंपवातात हात स्वस्थ असता कापतो. या व्याधीत तो काही करू जाताच कापू लागतो. हा भेद त्यांनी ठसविला आणि डोळ्यांच्या बुबुळांची थरथर, हेतुपूर्वक हालचालीतील कंप व तुटक अडखळते बोलणे अशी लक्षणत्रयी सांगितली. ती त्यांच्या नावाने आजही पाठ्यपुस्तकांत येते. आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहता एक गोष्ट ध्यानात येते. या त्रयीत चालणे नाही. पायांची दुर्बलता व ताठरपणा शार्को यांना चांगलाच परिचित होता, आणि मंगळवारच्या व्याख्यानांत ते रुग्णांना श्रोत्यांसमोर चालवूनही दाखवीत. पण निदान करावयाचे तर व्याधी इतरांहून कशी निराळी हे सांगणारे लक्षण हवे असते. पाय दुर्बल होणे हे अनेक व्याधींत घडते. म्हणून निदानाच्या कामी त्याचे मोल कमी. रुग्णाला सर्वांत अधिक जाचणारे लक्षण आणि वैद्याला सर्वांत अधिक उपयोगी पडणारे लक्षण ही एकच असतील असे नाही. शिवाय साल्पेत्रियेरमध्ये वर्षानुवर्षे राहणाऱ्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणींची व्याधी पुढच्या टप्प्यात पोहोचलेली असे. चालण्याची शक्ती हळूहळू ओसरण्याचा जो काळ, तो त्यांनी रुग्णालयाबाहेर, आपापल्या घरी व कामाच्या जागी काढलेला होता.

याच रुग्णालयात उन्मादाच्या, म्हणजे हिस्टेरियाच्या, रुग्णांचाही अभ्यास चाले, आणि हे शेजार पुढे पुष्कळांना महागात पडले. येणारी-जाणारी, विश्रांतीने सुधारणारी, तपासणीच्या वेळी न सापडणारी दुर्बलता हे उन्मादाचे चिन्ह मानण्याची रीत रूढ होती. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या आरंभी थकव्याचे वर्तन नेमके असेच असते. लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ थॉमस बझर्ड यांनी १८९१ साली, मज्जासंस्थेचे खरे विकार उन्मादासारखे कसे भासतात, याविषयी इशारा दिला; त्यात या व्याधीचा प्रामुख्याने समावेश होता. शार्को यांचेच शिष्य जोझेफ बाबिन्स्की यांनी १८८५ मध्ये आपला प्रबंध याच व्याधीवर लिहिला होता. १८९६ मध्ये त्यांनी तळव्याची प्रतिक्षिप्त क्रिया सांगितली. तळवा खरवडला असता अंगठा वर वळला तर विकार मज्जासंस्थेचा आहे, मनाचा नव्हे, असे म्हणता येऊ लागले. एका किल्लीच्या टोकाने होणारी ही चाचणी कित्येक रुग्णांना ढोंगीपणाच्या आरोपातून सोडविणारी ठरली. परंतु ती पायाच्या तळव्याविषयी साक्ष देते; त्या पायांनी किती चालवते याविषयी काही सांगत नाही.

४. कागदाची गुंडाळी

चाल हा स्वतंत्र अभ्यासविषय होण्यास यंत्रशास्त्राची दृष्टी कारण झाली. जर्मनीत विल्हेल्म व एडुआर्ड वेबर या बंधूंनी १८३६ साली मानवी चालण्याच्या यंत्रणेवर ग्रंथ लिहिला. फ्रान्समध्ये एतिएन-झ्यूल मारे यांनी पादत्राणाखाली हवेची पोकळी बसवून प्रत्येक पावलाचा दाब फिरत्या नळकांड्यावर उमटविण्याची सोय केली, आणि १८८२ पासून पॅरिसजवळील आपल्या शरीरक्रिया-केंद्रात चालत्या माणसाच्या क्रमिक छायाचित्रांचे तंत्र वाढविले.

रुग्णांच्या चालीसाठी मात्र अधिक साधे साधन पुढे आले. शार्को यांचे शिष्य जॉर्ज झिल द ला तूरेत यांनी १८८६ मध्ये मज्जाविकारांतील चालीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. भिंतीला लावावयाच्या कागदाची सात-आठ मीटर लांबीची पट्टी जमिनीवर अंथरावयाची, रुग्णाच्या तळव्यांना लोहाची तांबूस पूड फासावयाची, आणि त्याला पट्टीवरून चालावयास सांगावयाचे, अशी त्यांची रीत होती. उमटलेल्या ठशांवरून पावलाची लांबी, दोन पायांमधील रुंदी, पाऊल बाहेर किती वळते, बोटे कोठे घासली, हे सर्व फूटपट्टीने मोजता येई. निरोगी माणसाचे ठसे प्रथम मोजून त्यांच्याशी रुग्णांचे ठसे ताडून पाहावयाचे, ही पद्धतीही त्यांनी कटाक्षाने पाळली. स्वस्त, कोठेही करता येण्याजोगी आणि जपून ठेवता येईल असा पुरावा मागे ठेवणारी ही रीत होती. इतिहासाच्या अभ्यासकास तर तिचे विशेष अगत्य वाटावे, कारण येथे रुग्णाच्या पायांनी स्वतःच दस्तऐवज लिहिला आहे.

परंतु प्रत्येक दस्तऐवजाप्रमाणे यालाही मर्यादा आहे, आणि ती त्याच्या लांबीतच आहे. सात-आठ मीटरांत माणूस जेमतेम दहा-बारा पावले टाकतो. एवढ्या अंतरात चालीचे रूप उमटते, थकवा उमटत नाही. ज्या रुग्णाचा पाय तीनशे मीटरांनंतर घसटू लागतो त्याची पट्टी निरोगी माणसाच्या पट्टीसारखीच दिसण्याचा संभव आहे. यात झिल द ला तूरेत यांचा दोष काढण्याचे कारण नाही. ते चालीचे रूपच मोजू पाहत होते. पण जे मोजले गेले तेवढेच शास्त्राच्या हिशेबात धरले गेले, ही वस्तुस्थिती आहे.

५. थकव्याचे कारण कसे कळले

श्रमाने लक्षण वाढते, ही गोष्ट शास्त्राच्या नजरेस प्रथम आली ती पायांच्या नव्हे तर डोळ्यांच्या द्वारे. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊट्‌होफ यांनी १८९० मध्ये या व्याधीच्या शंभर रुग्णांच्या डोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी चौघांची दृष्टी शारीरिक श्रमानंतर काही काळ मंद होई व विश्रांतीने परत येई. ऊट्‌होफ यांनी कारण श्रम हेच मानले. पुढे असे दिसून आले की, श्रमाने वाढणारी शरीराची उष्णता हे यातील मोठे कारण आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास तर रुग्णाला उष्ण पाण्यात बसवून लक्षणे उमटतात का, हे पाहण्याची चाचणी निदानासाठी वापरात आली. मेंदूची चुंबकीय प्रतिमा घेण्याचे तंत्र आल्यावर ही क्लेशकारक चाचणी मागे पडली.

शार्को यांनी पाहिले होते की वेष्टन गेले तरी तंतू उरतो. हा उरलेला तंतू काम कसे करतो, हा प्रश्न शंभर वर्षे उभा होता. १९७० साली इयन मॅक्‌डॉनल्ड व टी. ए. सीअर्स यांनी प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले की, वेष्टन नष्ट झालेला तंतू संदेश मंद गतीने नेतो, आणि संदेशांची मालिका वेगाने एकामागून एक आली तर ती पार पाडू शकत नाही. १९७३ मध्ये मायकेल रॅस्मिन्स्की यांच्या प्रयोगांनी अशा तंतूंवरील उष्णतेचा परिणाम स्पष्ट केला : तापमानात अल्पशी वाढ होताच त्यांतील वहन बंद पडू शकते. यावरून थकव्याचे एक कारण उलगडते. चालणे म्हणजे एक आज्ञा नव्हे. ती दर पावलास पुनःपुन्हा द्यावी लागणाऱ्या आज्ञांची दीर्घ माळ आहे. कमकुवत तंतू पहिली शंभर पावले त्या पोहोचवितो, पुढे त्या वाटेत गळू लागतात; त्यात चालण्याने शरीर तापते. विसावा घेतला, अंग निवले, की तंतू पुन्हा काम देऊ लागतो. रुग्ण सुरुवातीपासून जे सांगत होते, की बसल्यावर पाय परत येतात, त्याचा शारीर आधार असा मिळाला. जे उन्मादाचे चिन्ह समजले जाई तेच तंतूंच्या विकाराचे चिन्ह ठरले.

अर्थात या व्याधीतील सर्वच थकवा एवढ्याने स्पष्ट होत नाही. काही न करताही सकाळपासून अंगावर बसणारी ग्लानी निराळी. तिच्यामागे झोपेचा बिघाड, मनाची उदासी, औषधे व रोगप्रतिकारक यंत्रणेची क्रिया अशी अनेक कारणे संभवतात. लॉरेन क्रुप व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये नऊ विधानांची एक थकवा-श्रेणी तयार केली. तीत रुग्ण स्वतःच आपल्या थकव्याला अंक देतो. जाणवणारा थकवा आणि क्रिया करता करता मोजता येणारा ऱ्हास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद अलीकडच्या संशोधनात काटेकोरपणे केला जातो. एक अधिक असता दुसरा अधिक असेलच, असे आढळत नाही.

६. अंतराची श्रेणी

थकव्याचे मोजमाप करावयाचे तर अंतर मोजावे लागेल, हा विचार मज्जाविकारशास्त्रात रुजण्यास एक बाहेरचा प्रसंग कारण झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत या व्याधीवर औषधांचे प्रयोग सुरू झाले. क्षयावरील आयसोनियाझिड हे औषध येथेही गुणकारी ठरते का, हे जॉन कुर्ट्‌स्की पाहत होते. रुग्ण सुधारला की बिघडला हे सांगण्यास एक समान माप हवे होते. म्हणून १९५५ मध्ये त्यांनी शून्य ते दहा अशी अपंगत्वश्रेणी मांडली. त्या औषधाचा उपयोग नाही असे पुढे सिद्ध झाले. श्रेणी मात्र टिकून राहिली. १९८३ मध्ये त्यांनी तिच्या पायऱ्यांचे अर्धे भाग पाडून ती विस्तृत केली. तिच्या मधल्या पायऱ्या जवळजवळ सर्वस्वी चालण्यावर उभ्या आहेत. आधाराविना व विश्रांतीविना सुमारे ५०० मीटर चालणारा ४·० वर, ३०० मीटर चालणारा ४·५ वर, २०० मीटर चालणारा ५·० वर, १०० मीटर चालणारा ५·५ वर. तेवढ्याच १०० मीटरांसाठी काठी लागू लागली की ६·०, दोन्ही बाजूंच्या आधाराने जेमतेम २० मीटर जाता आले तर ६·५, आणि आधारानेही पाच मीटरांपलीकडे जाता येईनासे झाले की ७·०.

देस्तेच्या टिपणांतील काठी, दोन काठ्या व चाकांची खुर्ची हा क्रम येथे अंकांच्या रूपाने पुन्हा भेटतो. रुग्णाची भाषा शास्त्राने प्रथमच आपल्या श्रेणीत घेतली, असे म्हणण्यास हरकत नाही. पण व्यवहारात एक अडचण उरली. पाचशे मीटर लांब ओसरी फारच थोड्या रुग्णालयांत असते, आणि रुग्णाबरोबर तेवढे चालण्याइतका वेळ फारच थोड्या डॉक्टरांजवळ असतो. परिणामी किती चालता, असे विचारून उत्तराप्रमाणे अंक लिहिण्याची रीत पुष्कळ ठिकाणी पडली. प्रत्यक्ष मोजले असता सांगितलेले व चाललेले अंतर यांत तफावत आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले.

या अडचणीवर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेत एक संयुक्त चाचणी ठरविण्यात आली. तीत हातांची चपळता व बुद्धीची एकाग्रता यांबरोबर चालण्यासाठी पंचवीस फुटांचे अंतर जास्तीत जास्त वेगाने काटण्यास लागणारा वेळ घ्यावयाचा असे ठरले. ही चाचणी सोपी, विश्वसनीय व अल्प वेळात होणारी असल्याने सर्वत्र पसरली. फँप्रिडीन या चाल सुधारणाऱ्या औषधास २०१० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती ज्या प्रयोगांवरून, त्यांतही हेच माप होते. परंतु पंचवीस फूट म्हणजे ७·६२ मीटर. शंभराहून अधिक वर्षांनंतर मोजणीची वाट पुन्हा झिल द ला तूरेत यांच्या कागदाएवढीच झाली ! दोन्ही ठिकाणी कारण एकच : तपासणीच्या खोलीची लांबी व तपासणाऱ्याचा वेळ. चाचणीची मर्यादा रोगाच्या स्वरूपाने ठरली नाही; ती जागेने व सोयीने ठरली.

थकव्याची खरी मोजणी सुरू झाली ती हृदय व फुप्फुस यांच्या विकारांसाठी रूढ असलेली सहा मिनिटांच्या चालण्याची चाचणी या क्षेत्रात आणल्यावर. २००८ मध्ये मायला गोल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत तिची उपयुक्तता तपासली. येथे एकूण अंतराइतकेच प्रत्येक मिनिटाचे अंतर महत्त्वाचे असते. निरोगी माणूस मध्ये किंचित मंदावतो व शेवटच्या मिनिटाला पुन्हा वेग घेतो. ज्यांना व्याधीचा उपद्रव अधिक आहे असे पुष्कळ रुग्ण मिनिटागणिक मंदावत जातात. शेवटच्या व पहिल्या मिनिटातील अंतरांची तुलना करून ऱ्हासाचा निर्देशांक काढण्याच्या रीती गेल्या काही वर्षांत पुढे आल्या आहेत. अंगावर बांधावयाच्या लहान संवेदकांमुळे तर दिवसभराची पावले, घरी व रस्त्यावर, मोजता येऊ लागली आहेत. तत्पूर्वी २००३ मध्ये जेरेमी होबार्ट व सहकाऱ्यांनी बारा प्रश्नांची एक श्रेणी केली होती; चालण्याविषयी रुग्ण स्वतः काय म्हणतो हे त्यात अंकांनी नोंदविले जाते. टिपणवही व मोजपट्टी यांचा हा समन्वय म्हणावयाचा.

७. समारोप

आपल्याकडील परिस्थितीचा येथे थोडक्यात उल्लेख करणे प्राप्त आहे. ही व्याधी थंड प्रदेशांतील गोऱ्या लोकांची, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९७५ साली सिंघल व वाडिया यांनी मुंबई परिसरातील रुग्णांचे स्वरूप प्रसिद्ध केले, आणि १९९० मध्ये वाडिया व भाटिया यांनी पारशी समाजातील तिच्या प्रमाणाकडे लक्ष वेधले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याने मल्टिपल स्क्लेरोसिसचा अंतर्भाव अपंगत्वाच्या २१ प्रकारांत स्पष्टपणे केला. कायद्यात नाव आले म्हणजे मोजमापाचा प्रश्न सुटला, असे मात्र नव्हे. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळासमोर सकाळच्या गारव्यात, विश्रांती घेऊन आलेली एखादी स्त्री दहा पावले नीट चालून दाखवील. तीच वैशाखातील दुपारी बसच्या थांब्यापासून घरापर्यंत जाऊ शकणार नाही. ती दहा पावले खरी आहेत आणि ती दुपारही खरी आहे. यांतील कोणते सत्य कागदावर उतरेल, हे आपण किती लांबीचा कागद अंथरतो यावर अवलंबून आहे.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, चालीचे रूप व चालण्यातील श्रांती या दोहोंची ओळख रुग्णांना एकाच वेळी होती; शास्त्राला ती निरनिराळ्या काळी झाली. दुसरी, या विलंबाचे कारण बुद्धीचा वा सद्‌भावाचा अभाव हे नव्हते. निदानाची गरज, खोलीची लांबी आणि भेटीची मिनिटे यांनी काय पाहावयाचे हे ठरविले. तिसरी, जो अनुभव साधनात मावला नाही त्यावर मधल्या काळात अविश्वासाचा शिक्का बसला आणि त्याची किंमत रुग्णांनी दिली. वैद्यकाच्या इतिहासाची साधने शोधताना आपण प्रबंध, व्याख्याने व रुग्णालयांची दप्तरे चाळतो, ते योग्यच आहे. परंतु देस्तेच्या टिपणांसारखे कागद आपल्याकडेही घरोघरी असण्याचा संभव आहे : आजाऱ्याने वा त्याच्या शुश्रूषा करणाऱ्याने जुन्या वहीत केलेल्या नोंदी, आज देवळापर्यंत जाऊन आलो, आज वाटेत दोनदा बसावे लागले, अशा. रद्दीत जाण्यापूर्वी त्या जमविणे व त्यांचे तारखांसह वाचन करणे हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे. प्रयोगशाळेतील सात मीटरांपलीकडचा इतिहास अशा वह्यांतूनच लिहिता येईल.